सी ड्राइव्हमध्ये ७०० जीबी मोकळी, तरी ‘श्रिंक’ ८ जीबीच का देतं?

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा फोन आला. नवा लॅपटॉप, १ टीबीची एसएसडी, आणि ती सगळी एकाच सी ड्राइव्हमध्ये. शाळेची कागदपत्रं, मुलांचे फोटो, घरचं सगळं तिथेच. त्यांना शाळेसाठी वेगळा डी ड्राइव्ह हवा होता.

“दादा, ७०० जीबी मोकळी दाखवतंय, आणि पार्टिशन पाडायला गेले तर म्हणतंय फक्त ८ जीबी मिळेल. भाचा म्हणतो, सगळं फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकू. टाकू दे का त्याला?”

“बाई, आज कशालाच हात लावू देऊ नका. मी संध्याकाळी येतो.”

हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा येतो. माणूस वेगळा, लॅपटॉप वेगळा, आकडा कधी ८ तर कधी २३, पण अडचण तीच. आणि त्यापुढे होणारी चूकही बहुतेक वेळा तीच. श्रिंकचा, म्हणजे ड्राइव्ह लहान करून जागा सोडवण्याच्या विंडोजच्या सोयीचा, आकडा लहान दिसला की डिस्कच बिघडली असं वाटतं. मग कुणी फॉरमॅट मारतो, कुणी इंटरनेटवरून मिळेल ते फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून सी ड्राइव्हवर चालवतो. भरलेल्या डिस्कवर पार्टिशन पाडणं हे काम तसं धोक्याचं नाही. धोका या घाईच्या उपायांत आहे. म्हणून आधी आकडा लहान का येतो ते बघू, कारण ते कळलं की घाई आपोआप थांबते.

विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट चालू सी ड्राइव्ह लहान करताना शेवटाकडून सुरुवात करतं. उभ्या पिकाच्या शेतात मधोमध बांध घालायचा असेल तर पलीकडच्या बाजूचं आधी हलवावं लागतं, तसंच. ड्राइव्हच्या शेवटच्या भागात जे काही लिहिलेलं आहे ते उचलून पुढच्या मोकळ्या जागेत ठेवायचं आणि मागची जागा सोडवायची. तुमचे फोटो, वर्डच्या फायली, सिनेमे हे सगळं त्याला हलवता येतं. पण काही फायली विंडोज चालू असताना त्याला जागच्या हलवताच येत नाहीत. शेवटाकडून येताना अशी पहिली फाइल भेटली की तिथेच थांबतं. मग तिच्या अलीकडे ७०० जीबी मोकळी असली तरी उपयोग नाही. बांधावर एक विहीर लागली की बांध तिथेच संपतो. फाइल किती मोठी आहे याला महत्त्व नाही, ती कुठे बसली आहे याला आहे.

या न हलणाऱ्या मंडळींत चार-पाच नावं नेहमीची आहेत. पहिली हायबरनेशनची फाइल, म्हणजे लॅपटॉप झोपवताना रॅममधलं सगळं जिथे लिहून ठेवलं जातं ती. ती रॅमच्या आकाराच्या प्रमाणात असते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर काही जीबी सहज. दुसरी पेजफाइल, जी रॅम कमी पडली की विंडोज वापरतं. तिसरं सिस्टम रिस्टोअरचं, म्हणजे विंडोजने जुन्या स्थितीच्या घेतलेल्या नोंदी. चौथा विंडोज सर्चचा इंडेक्स. आणि पाचवं एनटीएफएसचं, म्हणजे विंडोज ड्राइव्हवर फायली ज्या पद्धतीने मांडतं तिचं, स्वतःचं बाड: एमएफटी, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याचं मुख्य रजिस्टर, आणि त्याच्या सोबतच्या काही नोंदवह्या. पहिल्या चार गोष्टी तात्पुरत्या काढता येतात. पाचवी काढायची नसते.

पण हे सगळं करायच्या आधी थोडं थांबा.

आधी करायचं ते

डेटाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी. दुसऱ्या म्हणजे खरोखर दुसऱ्या: बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क, दुसरा कॉम्प्युटर, क्लाउड, काहीही. अगदी महत्त्वाचं तेवढंच असेल तर पेनड्राइव्हही चालेल. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण एक समजूत फार घट्ट रुजली आहे, की ‘डीमध्ये टाकलं म्हणजे बॅकअप झाला’. सी आणि डी एकाच डिस्कचे तुकडे आहेत. विंडोज बिघडलं आणि फक्त सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, हे खरं. पण डिस्क मेली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा त्यावर पाणी सांडलं, तर सी आणि डी दोन्ही एकदम जातात. बाईंकडे पहिल्या वर्गापासूनच्या मुलांचे फोटो होते. ते आधी बाहेरच्या डिस्कवर घेतले, आणि तिथून चार-पाच उघडूनही बघितले. कॉपी झालेली प्रत उघडून बघितल्याशिवाय मी पुढचं पाऊल टाकत नाही.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली माहिती दाखवतं. वर निळ्या चौकोनात ‘गुड’ असेल तर पुढे जा. पिवळ्यात ‘कॉशन’ असेल, विशेषतः जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कचे खराब झालेले किंवा संशयास्पद तुकडे) वाढलेले दिसत असतील, तर पार्टिशनचा विषय तिथेच सोडा. अशा डिस्कवर शेकडो जीबी इकडून तिकडे हलवणं म्हणजे तिच्यावर शेवटचा भार टाकणं आहे. तिच्यातला डेटा काढून घ्या आणि नवी डिस्क बसवा.

यानंतर फाइल सिस्टमची तपासणी. धिस पीसीमध्ये सी ड्राइव्हवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, आणि तिथे ‘चेक’. चूक सापडली तर दुरुस्त करून, कॉम्प्युटर रीस्टार्ट करूनच पुढे. चुका असलेल्या एनटीएफएसवर श्रिंक अर्ध्यातून नकार देतं, आणि ते द्यायलाच हवं.

बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, गोष्ट अलीकडे फार महत्त्वाची झाली आहे. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू होतं. मालकाला त्याची कल्पनाही नसते. बाईंनाही नव्हती. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन ते चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते. तिथून ती कागदावर उतरवून घ्या. विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटला एन्क्रिप्ट केलेला ड्राइव्ह लहान करता येतो, त्यात अडचण नाही. पण पुढे कधी बूट होताना निळ्या पडद्यावर ती की मागितली आणि तुमच्याकडे ती नसेल, तर सगळा डेटा डिस्कवर सुखरूप असूनही कुणालाच उघडता येणार नाही. दुकानदारालाही नाही. बाईंनी की वहीच्या मागच्या पानावर लिहिली आणि वही घरी कपाटात ठेवली.

शेवटी वीज. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला. डेस्कटॉप असेल तर यूपीएस. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका, वीज गेल्यावर तो सुरू व्हायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. पावसाळ्यात, वारं सुटलेलं असताना तर हे काम काढूच नका.

अडसर काढणं

पहिला हायबरनेशनचा. स्टार्टवर उजवी क्लिक करून टर्मिनल ॲडमिन उघडा (जुन्या विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन) आणि इंग्रजी अक्षरांत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच एच, पुन्हा एक जागा सोडून ओ-एफ-एफ असं लिहून एंटर दाबा. पडद्यावर काही दिसत नाही, पण फाइल गेलेली असते. यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं. तेही चांगलंच, कारण फास्ट स्टार्टअप चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्याचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर पडून राहतो. विंडोजच्या शेजारी उबुंटू (लिनक्सची सिस्टम) टाकू पाहणाऱ्या बऱ्याच मुलांचं गाडं इथेच अडतं. लिनक्समधलं पार्टिशनचं साधन जीपार्टेड अशा अर्धवट झोपलेल्या ड्राइव्हचा आकार बदलायला नकार देतं, आणि त्यांना वाटतं जीपार्टेड बिघडलं.

दुसरी पेजफाइल. सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी, चेंज. वरची आपोआपची खूण काढा, सी निवडा, ‘नो पेजिंग फाइल’ निवडून ‘सेट’ दाबा. ४ जीबी रॅमच्या मशीनवर हे करताना बाकीचे प्रोग्रॅम बंद ठेवा, नाहीतर ते घुसमटतं.

तिसरं, त्याच सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये सिस्टम प्रोटेक्शन. सी निवडून कॉन्फिगर, तिथे ‘डिलीट’ने जुने रिस्टोअर पॉइंट काढा आणि प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा. यात तुमच्या फायली जात नाहीत. पण विंडोज मागच्या तारखेला नेण्याची सोय तेवढ्यापुरती जाते, म्हणूनच बॅकअप आधी सांगितला.

आता रीस्टार्ट. शट डाउन करून परत चालू करणं नाही, रीस्टार्टच. मग पुन्हा डिस्क मॅनेजमेंट उघडा: विंडोजची कळ आणि एक्स, यादीतून डिस्क मॅनेजमेंट. सी वर उजवी क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. बाईंच्या लॅपटॉपवर आता आकडा ८ जीबीवरून उडी मारून पाचशेच्या पुढे गेला. बहुतेकांचं काम इथेच होतं.

ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत आहे आणि जिने माझे कितीतरी तास वाचवले. श्रिंक कुठल्या फाइलपाशी अडलं, हे विंडोज स्वतः लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन. त्यात क्रमांक २५९ ची, डीफ्रॅगच्या नावाची ताजी नोंद शोधा. त्या नोंदीत शेवटची न हलणारी फाइल कोणती, तिचा पत्ता स्पष्ट दिलेला असतो. आंधळेपणाने पाच उपाय करण्यापेक्षा ही एक नोंद वाचा. तिथे सर्च इंडेक्सची फाइल दिसली तर इंडेक्सिंगची सेवा थांबवून इंडेक्स नव्याने बनवायला लावा. अँटिव्हायरसच्या फोल्डरातली फाइल असेल तर ते तात्पुरतं काढा. ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ असेल तर रिस्टोअर पॉइंट अजून शिल्लक आहेत. एक अडसर काढला की श्रिंक पुन्हा चालवा. कदाचित दुसरी फाइल अडवेल. मग पुन्हा २५९ वाचा. दोन-तीन फेऱ्यांत वाट मोकळी होते.

नोंदीत डॉलरच्या खुणेने सुरू होणारं एमएफटीचं नाव आलं तर मात्र ही पद्धत तिथे संपते. रजिस्टरचं पान ड्राइव्हच्या मागच्या भागात बसलं आहे आणि चालू विंडोज ते हलवणार नाही. तेव्हा मिळेल तेवढ्यावर समाधान मानणं हा माझा पहिला सल्ला असतो. ६०० हवे होते आणि ४५० मिळाले, तर ४५० घ्या. अडूनच बसायचं असेल तर पेनड्राइव्हवरून जीपार्टेड चालवून, म्हणजे विंडोज झोपलेलं असताना, हे करता येतं. पण ड्राइव्ह बिटलॉकरने बंद असेल तर जीपार्टेडला त्यातलं काही दिसत नाही. आधी विंडोजमध्ये एन्क्रिप्शन पूर्ण काढावं लागतं, आणि मोठ्या ड्राइव्हवर त्याला तासन्‌तास लागू शकतात.

प्रत्यक्ष पार्टिशन

श्रिंकच्या चौकटीत आकडा एमबीमध्ये मागतात, आणि तो ‘किती कमी करायचं’ याचा असतो, ‘किती उरवायचं’ याचा नाही. इथे गोंधळ होतो. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी, तेव्हा ५०० जीबीचा डी हवा असेल तर ५१२००० लिहा. तुमची १ टीबीची डिस्क ९३१ जीबीच दिसते याचं दुःख करू नका. डिस्क बनवणारे १००० ने मोजतात, विंडोज १०२४ ने मोजतं. जागा कुणी खाल्लेली नाही.

सी साठी किती ठेवायचं? १ टीबीमध्ये सी ला निदान ३०० जीबी ठेवा. ५१२ जीबीच्या एसएसडीवर २०० च्या खाली जाऊ नका. आणि २५६ जीबीची एसएसडी असेल तर माझं स्पष्ट मत आहे, पार्टिशन पाडूच नका. विंडोजची अपडेट, ब्राउझर, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ हे सगळं सी मध्येच वाढत जातं, आणि दोन वर्षांत सी भरून लाल होऊन डी अर्धा रिकामा राहतो. त्या डिस्कवर नीट फोल्डर करा आणि बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. एसएसडीवर पार्टिशनने वेग वाढतो ही समजूतही सोडा. फिरत्या हार्ड डिस्कच्या काळात बाहेरच्या कडेचा भाग वेगवान असायचा, तिथे त्याला थोडा अर्थ होता.

श्रिंक दाबल्यावर खिडकी गोठल्यासारखी वाटते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ही येतं. चहा घ्या. मध्येच बंद करू नका.

झालं की सी च्या शेजारी काळ्या पट्टीचा ‘अनअलोकेटेड’ भाग दिसतो. उजवी क्लिक त्या काळ्या पट्टीवरच करायची, निळ्यावर नाही. न्यू सिंपल व्हॉल्यूम, पुढे पुढे, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. ‘फॉरमॅट’ हा शब्द वाचून बाईंचा हात थांबला. इथे फॉरमॅट होतो तो फक्त त्या काळ्या, रिकाम्या तुकड्याचा. सी ला त्याचा स्पर्शही होत नाही. सी च्या उजवीकडे जो ५००-७०० एमबीचा रिकव्हरी विभाग असतो आणि डावीकडे १०० एमबीच्या आसपासचा ईएफआय (कॉम्प्युटर सुरू करणारा विभाग), त्यांना मात्र अजिबात हात लावायचा नाही. ‘हे कशाला, काढून टाकू’ म्हणून ईएफआय काढला की लॅपटॉप सुरूच होत नाही.

त्यानंतर काढलेलं सगळं परत ठेवा. पेजफाइल पुन्हा आपोआपवर, सिस्टम प्रोटेक्शन चालू, हायबरनेशन हवं असेल तर तीच आज्ञा शेवटी ओ-एन लिहून. पेजफाइल परत लावायची राहून जाते आणि महिन्याने ‘लॅपटॉप अडकतोय’ अशी तक्रार येते.

फायली डी मध्ये न्यायच्या तर डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’मधून हलवा. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर आधी तो फोल्डरपुरता थांबवा, नाहीतर दोन ठिकाणी दोन डॉक्युमेंट्स तयार होतात. प्रोग्रॅम फाइल्स आणि विंडोज हे फोल्डर कापून डी मध्ये नेऊ नका.

‘एक्स्टेंड’ धूसर दिसतंय

हा याच प्रश्नाचा उलटा भाऊ. सी लाल झाला, डी मध्ये २०० जीबी मोकळी आहे. माणूस डी श्रिंक करतो, १०० जीबी सुटते, आणि सी वर गेलं तर एक्स्टेंड व्हॉल्यूम दाबताच येत नाही. कारण साधं आहे. सी वाढू शकतो तो फक्त त्याच्या उजव्या बांधाला लागून असलेल्या मोकळ्या जागेत. डी लहान केल्यावर सुटलेली जागा डी च्या उजवीकडे आली. मध्ये डी उभा आहे.

विंडोजच्या हातानेच करायचं तर डी चा सगळा डेटा बाहेर कॉपी करा, तपासा, डी डिलीट करा, सी हवा तेवढा वाढवा आणि उरलेल्या जागेत डी नव्याने बनवा. वेळ जातो, पण प्रत्येक टप्प्यावर तुमचा डेटा कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं. दुसरा मार्ग म्हणजे अख्खा डी उजवीकडे सरकवणारं सॉफ्टवेअर. ते चालतं, जीपार्टेडही हे करतं. पण पार्टिशनची सुरुवात सरकवायची म्हणजे त्यातला प्रत्येक जीबी उचलून दुसरीकडे लिहायचा. शेवटाकडून लहान करण्यापेक्षा हे फार मोठं काम आहे, आणि मध्ये वीज गेली तर अर्धा डी जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी राहतो. बॅकअपशिवाय हे मी कुणालाही करू देत नाही. आणि बॅकअप घेतलेलाच असेल, तर मग पहिला मार्ग जास्त सरळ आहे.

जुना कॉम्प्युटर आणि डायनॅमिकचा प्रश्न

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच मशीनवर डिस्क एमबीआर पद्धतीची असते. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा समजा: कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत आणि कोणाचा. एमबीआरचा सातबारा डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटांत मावतो आणि त्यात फक्त ४ मुख्य नोंदी बसतात. जास्त तुकडे हवे असतील तर एका नोंदीला एक्स्टेंडेड करून तिच्या आत पोटहिस्से पाडावे लागतात. नव्या पद्धतीत, म्हणजे जीपीटीत, विंडोज १२८ नोंदींना जागा देतं आणि सातबाऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतं.

जुन्या लॅपटॉपवर कंपनीनेच चारही नोंदी भरलेल्या असतात: सिस्टम, सी, रिकव्हरी आणि कंपनीच्या साधनांचा एक विभाग. तिथे श्रिंक व्यवस्थित होतं, काळी पट्टी येते, पण पाचवा तुकडा बनवायला गेलं की विंडोज विचारतं: ही डिस्क साध्या ‘बेसिक’ मांडणीतून ‘डायनॅमिक’ या वेगळ्या मांडणीत नेऊ का? इथे ‘येस’ दाबू नका. डायनॅमिक झाल्याक्षणी डेटा जात नाही, म्हणूनच लोक फसतात. पण परत बेसिक करायचं तर विंडोज सगळे व्हॉल्यूम डिलीट करायला सांगतं, आणि दुसरं विंडोज किंवा लिनक्स टाकताना अडचणी येतात. ‘नो’ म्हणा, आणि सी पुन्हा त्या काळ्या पट्टीत एक्स्टेंड करून होतं तसं करून ठेवा. नवा तुकडा खरंच हवा असेल तर कंपनीच्या साधनांचा विभाग पेनड्राइव्हवर घेऊन काढता येतो का ते बघा.

बाहेरच्या यूएसबी डिस्कबद्दल एवढंच: ती बऱ्याचदा एनटीएफएसऐवजी एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येते, आणि एक्सफॅट विंडोजला लहान करता येत नाही. तिथे डेटा बाहेर काढून नव्याने पार्टिशन पाडणं हाच मार्ग.

आणि तरीही बिघडलं तर

ड्राइव्ह उघडायला गेलं की ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश, किंवा डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘रॉ’ (विंडोजला मांडणी ओळखता येत नाही) लिहिलेलं. सातबारा फाटला म्हणून जमीन जात नाही. बऱ्याचदा डेटा जागच्या जागी असतो, फक्त नोंद हरवलेली असते. म्हणून त्या क्षणी कॅन्सल दाबा आणि त्या डिस्कवर काहीही लिहू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर उतरवू नका. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि टेस्टडिस्क हे मोफत साधन वापरा. ते हरवलेल्या पार्टिशनच्या खुणा शोधतं आणि सापडल्या तर टेबल पुन्हा लिहून देतं. लिहिण्याआधी त्यातल्या फायलींची यादी दाखवतं, ती बघूनच ‘राइट’ करा. एसएसडी असेल तर जास्त घाई करा, म्हणजे कॉम्प्युटर बंद करण्याची घाई. फॉरमॅट किंवा डिलीट झाल्यावर ट्रिममुळे, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली हे विंडोज एसएसडीला कळवतं त्यामुळे, एसएसडी मोकळा झालेला भाग स्वतःच पुसून टाकू शकते, आणि मग कुठलंच साधन काही परत आणत नाही.

काही वर्षांपूर्वी डीटीपीचं काम करणारा माझा एक मित्र डी सरकवत असताना लाईट गेली. जुना डेस्कटॉप, फिरती हार्ड डिस्क, यूपीएस नाही. परत सुरू केल्यावर ‘फॉरमॅट करा’ असं आलं आणि त्याने केलं, कारण पडद्यावर तसंच लिहिलं होतं. दिवाळी अंकाची पानं त्यात होती, छापखान्याची तारीख चार दिवसांवर. माझ्याकडे आला तेव्हा त्यावर नवीन काही लिहिलेलं नव्हतं, एवढंच नशीब. टेस्टडिस्कने काही दिलं नाही, पण सोबतच्या फोटोरेकने फायली खणून काढल्या. फोटोरेक फायलींची नावं आणत नाही, फक्त एफ आणि पुढे आकडे. हजारो फायली, सगळ्या आकड्यांच्या. तो आणि त्याची बायको दोन रात्री एकेक फाइल उघडून, पानाचा मजकूर वाचून नाव देत बसले. दोन कथा सापडल्याच नाहीत. त्या त्याने लेखकांकडून पुन्हा मागवून घेतल्या आणि तिसऱ्या रात्री नव्याने टाइप केल्या.